आतली केबिन

हाताला लागलेलं ग्रीस पुसायला त्याने जो कागद उचलला तो गुळगुळीत निघाला आणि पुढचं सगळं त्या गुळगुळीतपणामुळे घडलं. साधी रद्दी असती तर हात पुसून झाल्यावर ती डब्यात गेली असती आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण चकचकीत कागदावर ग्रीस पुसलं जात नाही, नुसतं पसरतं. ते पसरायला लागलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण एका भल्यामोठ्या पांढऱ्या जहाजाच्या पोटाला काळं फासतोय. जहाजामागे निळा समुद्र होता, समुद्रावर संध्याकाळ होती आणि वरच्या कठड्याला रेलून एक जोडपं उभं होतं. त्या दोघांना कुठेही जायची घाई दिसत नव्हती. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि हात पँटला पुसले.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीत त्याला सगळे वरखालीकर म्हणत. कारण फोन उचलला की ‘हॅलो’च्या आधी तो विचारायचा, “वर जाताना अडकलात की खाली येताना?” (मध्येच अडकलेल्या माणसाला याने काय फरक पडतो, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.) आयुष्यभरात त्याने केलेला प्रवास कोणी मोजला असता तर कदाचित पृथ्वीला फेरी झाली असती. पण तो सगळा प्रवास सरळ उभा होता आणि दिवसाच्या शेवटी हाती काय लागायचं, तर तळमजला.

घरी आला तेव्हा बायको एका हॉटेलचे पडदे शिवत होती. तिचा तो धंदाच होता. निळंशार कापड मशीनवरून उतरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर आणि तिथून घरातल्या बोळातून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरलं होतं. बूट काढून तो किनाऱ्याकिनाऱ्याने आत गेला, खुर्चीवर बसला आणि कागद उलगडून मोठ्याने वाचू लागला.

“लाटांच्या कुशीत झोपा, नव्या क्षितिजावर जागे व्हा. सर्वांना परवडणारी सागरी सफर.”

मशीन थांबलं. कामाच्या वेळेत हे मशीन फक्त दोरा तुटला तर थांबायचं.

“समुद्रावर झोपायचं?” तिने विचारलं.

“झोपायचं, जेवायचं. जेवण त्या पैशांतच आहे.”

“वाढणार कोण?”

“त्यांचीच माणसं.”

“आणि भांडी?”

“तीही त्यांचीच.”

ती थोडा वेळ समोरच्या निळ्या कापडाकडे बघत राहिली. “मग आपण काय करायचं?”

त्याने कागद उलटून पाहिला. त्याबद्दल काही छापलेलं नव्हतं. “नुसतं बसायचं असेल,” तो म्हणाला.

“नुसतं,” ती म्हणाली. गोळी जिभेवर घोळवावी तसा तिने तो शब्द तोंडात घोळवला आणि मग पुन्हा पाय मशीनवर ठेवला.

त्यानंतरचे दिवस दोघांचे कसे गेले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तो लिफ्टच्या शाफ्टमधल्या अंधारात खाली बघायचा तेव्हा तळाशी पाणी हलल्यासारखं वाटायचं. एकदा तो एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन वर निघाला आणि सातव्याऐवजी नवव्या मजल्यावर दार उघडून म्हणाला, “या, डेक आला.” गृहस्थ उतरले आणि दोन मजले जिन्याने खाली गेले. इकडे बायकोने शिवलेल्या एका पडद्याची खालची पट्टी सरळ यायची ती नागमोडी आली. हॉटेलवाल्याला ती नवी फॅशन वाटली आणि त्याने सगळेच पडदे तसे करून मागितले.

ही बातमी बायकोच्या थोरल्या बहिणीपर्यंत जाणं भागच होतं. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिच्याकडे यांच्या घराची जादा किल्ली असायची आणि यांच्या गॅसच्या बटणाची काळजीही. ताई जहाजावर जाऊन आली होती. गेली होती एकदाच, पण ती सफर तिने इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरली होती.

“बाल्कनी घ्या,” ताई म्हणाली. “बाल्कनी नसेल तर जहाजात बसण्यापेक्षा माणसाने बसस्टॉपवर बसावं. तिथे वारा तरी लागतो.”

शनिवारी दोघं प्रवासवाल्याच्या ऑफिसात गेली. प्रवासवाला किडकिडीत होता आणि शेजारी बाळ झोपलंय अशा आवाजात बोलायचा. त्याचं ऐकताना आपोआप पापण्या जड व्हायच्या. त्याने आधी बाल्कनीवाल्या खोलीचा दर सांगितला. तो आकडा ऐकून वरखालीकरने खिशातून रुमाल काढला. मग खिडकीवाल्या खोलीचा सांगितला. रुमाल हातातच राहिला.

“तुम्हाला आतली केबिन बरी पडेल,” प्रवासवाला हळूच म्हणाला.

“केबिन आतच असते,” वरखालीकर म्हणाला. लिफ्टच्या डब्याला केबिनच म्हणतात आणि निदान या विषयात तरी त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. “शाफ्टच्या बाहेर गेली तर अपघात म्हणतात त्याला.”

“ही दोन माणसांची आहे.”

“दोनच? एवढी लहान मी अजून पाहिली नाही. वजन किती घेते?”

“वजनाचं काही नाही. माणशी दोन बॅगा न्या.”

“आणि दार उघडं राहिलं तर चालते का?”

“दार उघडं ठेवून झोपणं बरं दिसत नाही, साहेब.”

“केबिनमध्ये झोपायचं?”

“मग कुठे झोपणार?”

टेबलाखालून बायकोने त्याच्या पायावर पाय ठेवला. “अहो, केबिन म्हणजे खोली.”

“खोलीच,” प्रवासवाला म्हणाला. “आतली म्हणजे तिला खिडकी नाही.”

“मुळीच नाही?”

“आरसा आहे. चांगला मोठा आहे.” तो थांबला आणि आणखी हळू बोलू लागला. “समुद्र सगळ्यांना तोच, जेवण तेच, डेकही सगळ्यांना मोकळा. सकाळी डोळे उघडल्यावर समोर काय दिसतं, फक्त त्याचे पैसे वेगळे.”

वरखालीकरने बायकोकडे पाहिलं.

“मला चालेल,” ती म्हणाली.

प्रवासवाल्याने सोमवारपर्यंत दर राखून ठेवतो म्हणून सांगितलं आणि दोघं बाहेर पडली. खरं तर वरखालीकरला हलकं वाटायला हवं होतं. अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटल्यावर आतली केबिन म्हणजे अगदी मापाचं अंथरूण. पण ‘मला चालेल’ हे शब्द बुटात खडा जावा तसे त्याला वाटभर टोचत राहिले. भिंतींना राखाडी रंग स्वस्तात मिळाला तेव्हा ती हेच म्हणाली होती. त्याने तिच्या वाढदिवसाला शिडी आणली होती तेव्हाही. आणि ताईच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर, नवरा म्हणून हा चालेल का असं घरच्यांनी विचारलं तेव्हाही तिचे शब्द हेच होते. हिला खरोखर सगळं चालतं, की ही फक्त चालवून घेते? लिफ्टच्या बाबतीत हा फरक त्याला नुसत्या आवाजावरून कळायचा.

“आपण रंगीत तालीम करू,” तो घराच्या दारात म्हणाला.

“कसली?”

“आतल्या केबिनची. बिनखिडकीच्या खोलीत राहवतं का ते आधी बघू. एकदा जहाज सुटलं की मध्येच उतरता येणार नाही.”

“मला चा...” ती म्हणायला लागली, पण तोवर तो टेप घेऊन आत गेलासुद्धा.

घरात एक अडगळीची खोली होती. तिला खिडकी नव्हती आणि मापाने ती जवळपास कागदावरच्या केबिनएवढीच भरली. तिथे बायकोच्या कापडाचे तागे असायचे. रविवारी दुपारी त्याने ते सगळे तागे बाहेर काढले आणि बोळात, खोलीच्या दाराशेजारच्या भिंतीला एका ओळीत शिस्तीने उभे केले. आत गाद्या घातल्या. कपाटाच्या दाराचा आरसा काढून भिंतीला टेकवला. टेबलफॅन एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यामागे असा ठेवला की तो सुरू झाल्यावर डब्याला बारीक थरथर सुटे आणि खोलीभर इंजिनाची घरघर भरे. स्वतःचा फोन त्याने बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला. समुद्रावर फोन लागत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. बायकोने मात्र टॉर्च लागेल म्हणून आपला फोन बरोबर ठेवला. मग दोघं आत गेली आणि त्याने दार ओढून घेतलं.

अंधार इतका झाला की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले ते हाताने चाचपून बघावं लागत होतं. डबा घुरघुरत होता. कापडाचा कोरा वास खोलीत राहून गेला होता. दोघं शेजारीशेजारी पडून राहिली. थोड्या वेळाने त्याला खरंच कळेना की छत किती वर आहे, भिंत कुठे संपते आणि त्या भिंतीपलीकडे बोळ आहे की आणखी काही.

“आता कुठे आलो असू?” तिने विचारलं.

“बंदर मागे पडलं असेल.”

“दिवे दिसत असतील का अजून?”

“डेकवरून दिसत असतील. आपली आतली केबिन आहे.”

“हो. विसरलेच.” तिची चुळबुळ ऐकू आली. “अहो, आत्ता या क्षणी मला काहीच करायचं नाहीये. माझे हात कुठे ठेवायचे तेच मला कळत नाहीये.”

त्याने अंधारात चाचपडून तिचा एक हात धरला आणि एका हाताची तरी सोय लावली.

तेवढ्यात बाहेर काहीतरी सरकलं. मग एक धप्प झालं, त्यामागून दुसरं आणि मग एकामागून एक अशी धपधप बोळाच्या टोकापर्यंत गेली.

“बंदरावर काहीतरी पडलं वाटतं,” ती अर्धवट झोपेत म्हणाली.

तो मात्र उठला आणि दाराला हात लावला. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. ते बोटभर उघडलं आणि थांबलं. शिस्तीत उभे केलेले तागे शिस्तीतच आडवे झाले होते आणि दार व समोरची भिंत यांच्या मधोमध घट्ट बसले होते. दारांच्या सुरक्षिततेवर कंपनीतल्या नव्या मुलांसमोर दरवर्षी व्याख्यान देणारा हा माणूस. त्याने खांदा लावून पाहिला, पाठ लावून पाहिली. तागे जागचे हलले नाहीत. तिचं कापड आधीपासूनच भारी असायचं.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा एक ठराविक आवाज त्याच्याकडे होता. तो आपोआप बाहेर आला. “घाबरून जाऊ नका. आपण पूर्णपणे सुरक्षित आहात. हवा भरपूर आहे. मदत निघाली आहे.”

“मी घाबरले नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही माझा हात जरा सैल धरा. आणि मदत कुठून निघाली?”

हा प्रश्न रास्त होता. तिने फोन काढला. “तुमच्या कंपनीचा तो नंबर आहे ना, अडकलेल्यांसाठी. मला पाठ आहे.” त्याने काही म्हणायच्या आत तिने लावलासुद्धा. लगेच बाहेरच्या खोलीतून एक ओळखीची धून ऐकू यायला लागली. दोघं ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“उचलत नाहीत,” ती म्हणाली.

“रविवार आहे,” तो पडलेल्या आवाजात म्हणाला. “आज ड्युटी माझी.”

मग उरली ताई. पहिल्याच रिंगला तिने फोन घेतला.

“ताई, आम्ही केबिनमध्ये आहोत आणि...”

“केबिनमध्ये?”

“हो, आणि बाहेर येता येत नाहीये.”

“कसं येईल, जहाज सुटल्यावर? मला न सांगता गेलात.”

“नाही गं, ऐक तरी...”

“खोटं बोलू नकोस. इंजिनाचा आवाज येतोय मला. मी जाऊन आलेय, मला कळतो तो आवाज. असू दे. सुखात जा.”

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर तिने उचलला नाही. त्याऐवजी इतर नातेवाइकांचे निरोप येऊ लागले. शुभ प्रवास. गुपचूप निघालात होय. लाटांचे फोटो पाठवा. अंधारात तो फोन निरोपागणिक उजळत होता आणि वरखालीकरला वाटलं, लांबवर एखादं दीपगृह असावं आणि ते आपल्याला निरोप देत असावं. मग बॅटरी संपली आणि दीपगृहही विझलं.

“आता?” तो म्हणाला.

“आता काय, समुद्र,” ती म्हणाली आणि कूस बदलून पडून राहिली. तिच्या श्वासावरून त्याला कळलं की ती मजेत आहे. हे जरा अपमानास्पदच होतं.

दुपार कलली असावी. आत त्याचा पत्ता लागण्यासारखं काही नव्हतं. त्याचा डोळा लागणार एवढ्यात बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. ताई रुसली असली तरी ताईच होती. बहीण समुद्रावर गेली म्हणजे गॅस चालू राहिला असणार, हे तिने गृहीत धरलं होतं.

“आलात का?” तो आनंदाने ओरडला. “लवकर उघडा. आम्ही दोघं आहोत आत.”

पावलं थबकली. मग ती बोळात आली आणि वरखालीकरला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट घडलं. आडव्या पडलेल्या ताग्यांवर काहीतरी जड टेकलं आणि दाराची बोटभर फटही बंद झाली. ताई त्या ढिगावर बसली होती.

“बसा दोघंही आत,” ती म्हणाली. “सामान उपसून झालेलं दिसतंय. आता मी शेजाऱ्यांना हाक मारते.”

“ताई, अहो मी आहे.”

“मी कोण?”

“मी. भावोजी.”

“घरातली माणसं समुद्रावर आहेत. मी स्वतः बोललेय त्यांच्याशी. आणि भावोजींचा आवाज एवढा भरदार नाही.”

“खोलीत घुमतोय तो.”

ताईने विचार केला. चोर असला तरी नम्र वाटत होता. “बरं. भावोजी असाल तर सांगा, माझ्या बहिणीला सगळ्यात जास्त काय आवडतं?”

एवढंच ना, असं वाटून त्याने तोंड उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं. आत अंधार होता म्हणून बरं.

“तिला...” तो म्हणाला. “तिला सगळं चालतं.”

“चालतं ते नाही विचारलं. आवडतं ते विचारलं. हे तर रस्त्यावरचा माणूसही सांगेल.”

त्याने कोपराने बायकोला ढोसलं आणि कुजबुजला, “अगं, तू बोल ना. तुझा आवाज ओळखतील त्या.”

शेजारून अगदी हळू उत्तर आलं. “थांबा. मलाही ऐकायचंय.”

बावीस वर्षांचा संसार त्या अंधारात त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्यात तो शोधायला लागला. कोणता पदार्थ? ती उरलेलं खायची. कोणता रंग? गिऱ्हाईक सांगेल तो. कोणतं गाणं? मशीनच्या आवाजात कुठलं आलंय गाणं? आणि मशीन म्हणताच त्याला ती दिसली. पाठमोरी, मशीनवर वाकलेली. दोरा तुटलेला.

“तिला खिडकी आवडते,” तो म्हणाला.

आणि तो बोलतच राहिला. ताईला सांगतोय की स्वतःला, हे त्याचं त्यालाही कळलं नसतं. “मशीन तिने खिडकीशीच ठेवलंय. तिथे ऊन येतं, धूळ येते, मी दोनदा हलवलं, तिने दोनदा परत नेलं. दोरा तुटला की ती लगेच ओवत नाही. आधी बाहेर बघते. थोडंच. बाहेर काही नाहीये, समोरच्या इमारतीची टाकी आहे. तरी बघते. आणि गावभर पडदे शिवते, पण त्या खिडकीला तिने अजून पडदा लावलेला नाही. मला वाटायचं, वेळ मिळत नसेल.”

ताग्यांवर हालचाल झाली. “हे मला माहीत नव्हतं,” ताई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. “मग तुमचं उत्तर बरोबर आहे हे मी कशावरून धरायचं?”

“बरोबर आहे, ताई,” बायको म्हणाली.

“तू आत आहेस? मग इतका वेळ गप्प का होतीस?”

“ऐकत होते.” तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

ताग्यांचा ढीग हलवायला बराच वेळ गेला, कारण ताई प्रत्येक ताग्यागणिक थांबून एकेक प्रश्न विचारत होती. दार उघडलं तेव्हा उजेडाने दोघांचे डोळे मिटले. ताईने दोघांना, गाद्यांना, आरशाला आणि थरथरणाऱ्या डब्याला नीट पाहून घेतलं. चोर नाहीत याचा तिला आनंद झाला होता, पण तिचा चेहरा काही केल्या खुलेना.

“मी सगळ्यांना सांगून बसलेय, तुम्ही निघालात म्हणून,” ती म्हणाली. “आता तुम्हाला जावंच लागेल. नाहीतर माझ्या बोलण्याला काय किंमत राहील?”

सोमवारी दोघं पुन्हा प्रवासवाल्यासमोर बसली होती.

“खिडकीवाली,” वरखालीकर म्हणाला.

प्रवासवाल्याने दर पुन्हा सांगितला. शनिवारपासून तो काही खाली आला नव्हता.

“चार रात्रींच्या दोन केल्या तर?”

“लोक उलट करतात, साहेब. खिडकी सोडून रात्री वाढवतात.” पण त्याने हिशेब केला आणि कागद त्यांच्याकडे वळवला. “बसतं. पण अर्धीच सफर पदरात पडेल. वहिनी, तुम्हाला चालेल का?”

“मला चा...” ती म्हणाली आणि थांबली. मग ओठ पुसल्यासारखं केलं. “मला खिडकीच हवी.”

कोणी बटण दाबलेलं नसताना लिफ्ट आपणहून एखाद्या मजल्यावर थांबावी आणि दार उघडावं, तसं वरखालीकर तिच्याकडे बघत राहिला. घरी जाताना तो दोनदा रस्ता चुकला. तिने त्याला अडवलं नाही. तिला लांबचा रस्ता आवडला असावा.

आणि मग ते खरंच गेले. जहाज कागदावरच्यासारखंच पांढरं होतं आणि केबिनची खिडकी गोल नसून चांगली लांबरुंद चौकोनी होती. तिला पडदा होता. बायकोने त्याची शिलाई उलटसुलट करून पाहिली, “घाईत शिवलाय,” म्हणाली आणि तो बाजूला सारला. तो पुन्हा कोणी ओढला नाही. खुर्ची खिडकीशी घेऊन ती बसली, हात मांडीवर ठेवले आणि या वेळी ते कुठे ठेवायचे याची तिला काही अडचण आलेली दिसली नाही.

वरखालीकरच्या मनात मात्र वेगळीच चिंता होती. उभ्या प्रवासात त्याला कधी मळमळलं नव्हतं, पण आडव्याचा भरवसा काय? ताईने बोट लागू नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या आणि एकीने भागतं असं बजावलं होतं. त्याने एक घेतली. मग जहाजाचा भोंगा झाला, फरशीतून एक बारीक कंप वर आला आणि आपण ती पहिली घेतली की नुसती घ्यायची ठरवली, हे त्याला आठवेना. म्हणून त्याने आणखी एक घेतली. किनारा सरकताना बघायला मिळावा म्हणून तो पलंगाच्या खिडकीकडच्या कडेवर बसला, मग टेकला, मग म्हणाला, “मला दिवे दिसायला लागले की सांग.”

त्यापुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोणीतरी खांदा हलवून म्हणत होतं, बघा तरी, पाणी जांभळं झालंय. तो म्हणाला, बघतोय. एका मोठ्या झगझगीत दालनात त्याच्यापुढे ताट होतं, त्याने ते संपवलं होतं आणि शेजारच्या माणसाला विचारलं होतं, वर जाताना अडकलात की खाली येताना? पुन्हा पलंग. जहाज जरा डोलल्यासारखं झालं, म्हणून खबरदारी म्हणून आणखी एक गोळी. आणि स्वप्नं मात्र काय एकेक. निळ्या कापडासारखा समुद्र, त्याला नागमोडी पट्टी, त्यावरून चालत जाणारी ती आणि तिच्या मागे किनाऱ्याकिनाऱ्याने बूट हातात घेऊन तो. इतका विस्तीर्ण, इतका शांत समुद्र जागेपणी कोणी पाहिला नसेल.

तो खराखुरा जागा झाला तेव्हा पहाट होती. खिडकीत करड्या रंगाचं पाणी होतं, पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात दूरवर दिव्यांची एक बारीक माळ होती. ती खिडकीशी बसलेली होती, प्रसन्न आणि निवांत. त्याने उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“आलो शेवटी आपण,” तो म्हणाला. “बघ ना, किती अफाट आहे हे. यापुढे माणूस म्हणजे काय, कस्पट. वाटतं, असंच दोन दिवस नुसतं बघत बसावं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्याला दिसलं की तिने चपला घातल्या आहेत आणि तिच्या मांडीवर पर्स आहे.

“अहो, आपण परत आलोय. ही गोदी आहे,” ती त्याच्या हातावर थोपटत म्हणाली. “बॅगा केव्हाच खाली गेल्या. सामान उतरवणारा दोनदा येऊन विचारून गेला, आणखी काही राहिलंय का म्हणून. मी म्हटलं, एक नग राहिलाय, पण तो मीच उतरवते.”